एअर काढली की क्लच सुधारतो, तीन आठवड्यांनी पुन्हा बसतो

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमच्या गाडीचं दुखणं हेच आहे का ते कळेल. क्लच ठीक चाललेला असतो. मग तो रोज थोडा थोडा खाली उचलायला लागतो, म्हणजे पेडल तळाजवळ असतानाच गाडी ओढ धरते. पहिला गिअर टाकताना हात अडतो, रिव्हर्सला कर्रकन आवाज येतो, आणि एक दिवस पेडल पायाबरोबर खाली जातं ते वर येतच नाही. गॅरेजमध्ये नेली की मिस्त्री एअर, म्हणजे क्लचच्या ऑइलमध्ये शिरलेली हवा, काढून देतात. क्लच नव्यासारखा होतो. दोन-तीन आठवडे बरे जातात आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

माझ्या गाडीला हे सात महिन्यांत पाच वेळा झालं. २०१३ सालची डिझेल हॅचबॅक, सेकंडहँड घेतलेली. कामासाठी आठवड्यातून चार दिवस कोल्हापूर ते गगनबावडा, कधी पुढं करूळ घाट उतरून वैभववाडीपर्यंत. पहिल्यांदा क्लच बसला तो जानेवारीत, फुलेवाडीच्या पुढं. गळिताचा हंगाम, समोर कुडित्र्याकडं निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या, मागं एसटी, आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये अडकलेली. "एअर हाय साहेब, दहा मिनिटाचं काम," मिस्त्री म्हणाले, आणि खरंच दहा मिनिटांत गाडी हातात दिली. फेब्रुवारीत पुन्हा बसला, तेव्हा स्लेव्ह सिलिंडर (गिअरबॉक्सकडचा) बदलला. मार्चअखेरीस मास्टर सिलिंडर (पेडलकडचा) बदलला. एप्रिलमध्ये मास्टरचा रॉड लांब करून क्लच वर घेतला. मे महिन्यात क्लच प्लेट जळाली, गिअरबॉक्स उतरवून अख्खा सेट नवा टाकला. आणि जुलैच्या पावसात पेडल पुन्हा खाली.

एवढं झाल्यावर मी वही घेऊन बसलो. प्रत्येक वेळी आपण आत शिरलेली हवा काढतोय, पण ती शिरली कुठून हे कुणी विचारलंच नाही, मीसुद्धा नाही. क्लचची हायड्रॉलिक यंत्रणा बंद असते. तिच्यात हवा सापडली तर कुठंतरी वाट आहे. वाट बुजेपर्यंत एअर काढणं म्हणजे गळक्या छपराखाली बादली ठेवणं.

मिलिलिटरचा हिशेब

क्लच वायरच्या गाडीत पेडल ओढतं ते सरळ तारेनं. हायड्रॉलिकमध्ये पेडल एक रॉड ढकलतं, रॉड मास्टरमधला पिस्टन ढकलतो, मास्टरमधलं ब्रेक ऑइल पाइपमधून स्लेव्हकडं जातं, स्लेव्हचा पिस्टन फोर्क ढकलतो, फोर्क रिलीज बेअरिंगला प्रेशर प्लेटच्या डायफ्रामवर दाबतो आणि क्लच प्लेट मोकळी होते. ऑइल दाबलं तरी आकसत नाही, म्हणून हे सगळं चालतं. हवा दाबली की आकसते.

किती फरक पडतो ते बघा. समजा मास्टरचा बोअर (आतला व्यास) १५.८७ मिमी आहे आणि पिस्टन ३० मिमी सरकतो. म्हणजे एका दाबात साधारण ५.९ मिलिलिटर ऑइल पुढं जातं. स्लेव्हचा बोअर १९.०५ मिमी असेल तर त्याचा पिस्टन जवळपास २१ मिमी सरकेल. आता पाइपमध्ये एक मिलिलिटर हवा आहे असं धरा. दाब आल्यावर ती जवळजवळ नाहीशी होते आणि तेवढंच ऑइल वाया जातं. स्लेव्हची साडेतीन मिमी चाल गेली. क्लच पूर्ण सुटायला लागणारी चाल आणि मिळणारी चाल यांत फारसा फरक नसतो. चहाच्या चमच्याच्या पाचव्या हिश्शाएवढी हवा गिअर अडवायला पुरते, ती यामुळंच. आकडे गाडीगणिक बदलतील, प्रमाण हेच राहतं.

दोष ऑइलच्या वाटेवर आहे की गिअरबॉक्सच्या पोटात?

कुठलाही पार्ट विकत घेण्याआधी एवढं ठरवा. मी हे जानेवारीतच केलं असतं तर फेब्रुवारी आणि मार्चचा खर्च वाचला असता.

इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. बंद गाडीत सगळे गिअर लोण्यासारखे पडतात आणि इंजिन सुरू केल्यावरच अडतात, तर गिअरबॉक्स बरा आहे, क्लच पूर्ण सुटत नाही. आता इंजिन सुरू, गाडी न्यूट्रलमध्ये, क्लच पूर्ण दाबा, मनात दहापर्यंत मोजा आणि मग रिव्हर्स टाका. एवढं थांबूनही दात घासल्याचा आवाज आला तर प्लेट अजून फिरतेय.

मग पंपाची परीक्षा. पेडल झटपट तीन-चार वेळा मारा आणि लगेच गिअर टाका. पंप मारल्यावर पेडल वर आलं आणि गिअर सहज पडला तर दोष ऑइलच्या वाटेवर आहे, हवा किंवा मास्टरच्या पिस्टनवरचं रबर. काहीच फरक पडला नाही आणि पेडल आधीपासूनच कडक, नेहमीच्या उंचीवर असेल तर बहुधा दुखणं आत आहे: वाकलेला फोर्क, घासलेला पिव्हट, तुटकी प्रेशर प्लेट, शाफ्टवर अडकलेली क्लच प्लेट. मग एअर काढण्यात वेळ घालवू नका.

तिसरी परीक्षा धरून ठेवण्याची. सपाट मोकळी जागा, समोर कुणी नाही, उजवा पाय ब्रेकवर तयार. इंजिन सुरू, पहिला गिअर, क्लच तळाला दाबून एक मिनिट तसाच धरा. हळूहळू गाडी स्वतःहून पुढं रेटायला लागली, तर दाब कुठंतरी सुटतोय. बाहेर थेंबही नसेल तर ऑइल मास्टरच्या आतच, पुढच्या रबराला वळसा घालून, टाकीकडं (बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या डब्याकडं) परत जातंय. याला मिस्त्री लोक "मास्टर बायपास करतोय" म्हणतात. असा मास्टर ओला दिसत नाही, म्हणून बऱ्याचदा नजरेतून सुटतो.

माझ्या गाडीची जुलैमधली नोंद अशी: बंद गाडीत गिअर ठीक, पंप मारल्यावर पेडल सुधारतं, धरून ठेवल्यावर मिनिटभर गाडी हलत नाही. म्हणजे मार्चमध्ये टाकलेला मास्टर बायपास करत नव्हता, पण हवा मात्र होती.

गळती शोधायची, तीही पावसाळ्यात

कोल्हापुरात जुलैमध्ये गाडीखाली वाकून ओलावा शोधणं अवघड, सगळंच ओलं असतं. गाडी रात्री छपराखाली लावा आणि गिअरबॉक्सच्या खाली कोरडा पुठ्ठा पसरा. सकाळी डाग पडला तर तो कशाचा हे ओळखायची सोपी पद्धत आहे. स्वच्छ पाण्याच्या वाटीत त्यातला थेंब सोडा. ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं असतं, ते पाण्यात मिसळून जातं. इंजिन ऑइल किंवा गिअर ऑइल वर तवंग धरतं.

तीन जागा बघा. पहिली, क्लच पेडलच्या वर, रॉड जिथं डॅशबोर्डमागच्या पत्र्यातून पुढं जातो तिथं बोट फिरवा. बोट ओलं झालं तर मास्टरचं मागचं रबर गेलंय. खालची मॅटही उचलून बघा. दुसरी, स्लेव्ह बाहेरून बसवलेला असेल तर त्याचा रबरी बूट मागं सरकवा. आत थेंबभर ऑइल जमलं असेल तरी स्लेव्ह संपला, कारण पिस्टनच्या मागं कोरडंच असायला हवं. तिसरी, स्लेव्ह गिअरबॉक्सच्या आत, शाफ्टभोवती बसणाऱ्या प्रकारचा असेल तर बेल हाउसिंगच्या (क्लच झाकणाऱ्या कवचाच्या) तळाशी. तिथून ब्रेक ऑइल ठिबकत असेल तर गिअरबॉक्स उतरवण्याला पर्याय नाही. त्या वेळी क्लच प्लेटही पाहून घ्या. तिच्या लायनिंगला (घासणाऱ्या थराला) ऑइल लागलं असेल तर ती धुऊन परत टाकू नये, बदलावीच.

आणखी एक खूण मला फार उशिरा कळली. ब्रेक ऑइल गाडीचा रंग खातं. जिथं ते हळूहळू पाझरतं तिथला रंग फुगतो, सुरकुततो, पोपडा निघतो. ओलावा वाळून जातो, फुगलेला रंग मात्र तसाच राहतो. बॉनेट उघडून टाकीखालचा पत्रा, ब्रॅकेट, पाइपचे क्लिप नीट बघा.

काळं ऑइल

बऱ्याच गाड्यांत ब्रेकची आणि क्लचची टाकी एकच असते. क्लचकडं जाणारा फाटा टाकीत थोडा वरच्या बाजूला दिलेला असतो, म्हणजे क्लचची गळती झाली तरी ब्रेकसाठी ऑइल शिल्लक राहतं. त्यामुळं पातळी थोडी उतरलेली दिसते आणि क्लच मात्र पूर्ण गेलेला असतो. अशा वेळी नुसतं ऑइल वाढवून पुढं जाऊ नका. टाकी एक असल्यामुळं हे दुर्लक्ष पुढं ब्रेकपर्यंत पोचू शकतं.

माझ्या टाकीतलं ऑइल कायम पिवळसर, स्वच्छ. स्लेव्हच्या निपलमधून (हवा काढायच्या तोंडातून) निघणारं मात्र दर वेळी काळं. जानेवारीत निघालं तेव्हा मिस्त्री म्हणाले, जुनं झालंय. बरोबर होतं. पण फेब्रुवारीत, नवं भरून तीन आठवडे झाले असताना, ते पुन्हा काळं निघालं. मार्चमध्येही तेच.

नात्यातले एक काका एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. जुलैमध्ये त्यांच्याकडं बाटलीत ऑइल घेऊन गेलो. त्यांनी बाटली उजेडात धरली, थोडं ऑइल बोटांत चोळलं, बोटांवर काजळीसारखे बारीक कण राहिले. "बाळ, हे रबर हाय," ते म्हणाले. "एअर कुठनं येतीया ते मागनं बघ. आदी रबर कुठलं विरघळतंय ते हुडीक."

टाकीत स्वच्छ आणि निपलला काळं, म्हणजे रबर टाकी आणि स्लेव्हच्या मधे कुठंतरी मरतंय. स्लेव्हचं रबर नवं, मास्टरचं नवं. उरल्या दोन नळ्या: पाइपच्या शेवटी असलेली दाबाची नळी, आणि टाकीतून मास्टरला ऑइल देणारी वीतभर साधी रबरी नळी.

एप्रिलमधली चूक

शोध कुठं लागला ते सांगण्याआधी क्लच प्लेट जळाली त्याबद्दल लिहितो, कारण ही चूक सर्रास होते आणि ती सगळ्यात महाग पडते.

वायरच्या क्लचमध्ये वायर ताणून क्लच वर-खाली घेता येतो. हात त्या सवयीचे झालेले असतात. हायड्रॉलिक क्लच खाली उचलतोय म्हणून मास्टरचा रॉड फिरवून लांब केला की क्लच खरंच वर येतो आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. पण बहुतेक मास्टरमध्ये पिस्टनच्या तोंडापुढं सुईएवढं बारीक भोक असतं. पेडल पूर्ण सुटल्यावर ते उघडं राहिलं पाहिजे, कारण गरम होऊन फुगलेलं ऑइल त्यातून टाकीकडं परत जातं. रॉड लांब केला की पेडल सोडलेलं असतानाही पिस्टन थोडा पुढंच राहतो आणि ते भोक झाकलं जातं. सकाळी थंड गाडीत काही कळत नाही. तासभर चालली, इंजिनच्या उष्णतेनं पाइपमधलं ऑइल फुगलं, की परतायला वाट नाही. मग ते स्लेव्हला ढकलतं, म्हणजे जणू कुणीतरी क्लचवर सतत हलका पाय ठेवलाय.

मे महिन्यात वैभववाडीहून करूळ घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनचा आवाज चढत गेला आणि गाडी मात्र जागच्या जागी रेंगाळली. मग जळका वास. गगनबावड्यात पोचून गाडी अर्धा तास उभी केली तर पुन्हा ठीक. परतीच्या वाटेवर साळवणच्या पुढं पुन्हा घसरली. गरम झाल्यावर घसरणारा आणि गार झाल्यावर सुधारणारा क्लच दिसला की प्लेटच्या आधी रॉडकडं बघायचं. तेव्हा मला हे माहीत नव्हतं.

याची परीक्षा पाच मिनिटांची आहे. क्लच घसरायला लागला की गाडी सुरक्षित जागी थांबवा, इंजिन बंद करा, स्लेव्हचा निपल किंचित सैल करा. डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि गरम सायलेन्सरपासून हात लांब. पेडलला कुणीही हात लावलेला नसताना निपलमधून ऑइलची चिळकांडी उडाली आणि त्यानंतर क्लच घसरणं थांबलं, तर दाब अडकून राहत होता. रॉड आणि पिस्टन यांच्यात अगदी थोडी मोकळीक, बहुतेक गाड्यांत एखाद-दुसरा मिमी, हातानं जाणवली पाहिजे. नक्की आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. दाबाची रबरी नळी आतून सोलवटून परतीची वाट अडवत असेल, तरी हेच लक्षण दिसतं. तेव्हा रॉड बरोबर असूनही दाब अडकला तर नळी बदला.

नळी चिमटून बघणं

पाइपच्या टोकाला रबरी नळी असेल तर नळी दाबायचा चिमटा मिळतो, त्याचे जबडे गोल असतात. पक्कड वापरू नका, नळी आतून चिरते. चिमटा लावून नळी पूर्ण बंद करा आणि पेडल हळू दाबा. पेडल वरच कडक झालं तर मास्टर आणि तिथपर्यंतचा पाइप ठीक, दोष पुढं. तरीही पेडल मऊ राहिलं किंवा दबत गेलं तर दोष मागं, मास्टरकडं. नळी स्टीलची किंवा प्लॅस्टिकची असेल तर हे करू नका.

माझं पेडल चिमटा लावूनही पहिल्या दोन इंचांत मऊच होतं. हवा वरच्या भागात होती. खालून वर चढलेली असू शकते, हवा वरच जाते. पण सलग चार दिवस रोज सकाळी हेच करून बघितलं आणि दर दिवशी मऊपणा वाढत गेला, तरी स्लेव्ह हाडासारखा कोरडा. मग एअर क्लीनरचा डबा काढून बाजूला ठेवला आणि टाकीखालच्या त्या वीतभर नळीला हात लावला.

ती पिकलेल्या चिकूसारखी मऊ होती. क्लिप खोल रुतलेली, पण नळी तोंडावर फिरत होती. खालच्या ब्रॅकेटचा रंग फुगून पोपडे सुटलेले. नळी काढली तर वरून धाग्याची वीण असलेली साधी डिझेल पाइप निघाली. माझ्या आधी कधीतरी कुणीतरी मूळ नळी फुटली म्हणून हाताशी असलेला तुकडा लावला असणार.

डिझेल-पेट्रोलची नळी बहुधा नायट्राइल रबराची असते, डिझेलला ती चांगली टिकते. ब्रेक ऑइलमध्ये मात्र फुगते, मऊ पडते, कण सोडते. ब्रेक ऑइलला ईपीडीएम रबर लागतं, आणि ते उलट डिझेलमध्ये, इंजिन ऑइलमध्ये फुगतं. दिसायला दोन्ही काळ्याच नळ्या. दुकानात "क्लचच्या टाकीची नळी" एवढंच सांगू नका, ब्रेक ऑइलसाठीची द्या असं सांगा, आणि शक्य असेल तर गाडीच्या कंपनीचीच घ्या. याच कारणासाठी या टाकीत स्टिअरिंगचं किंवा इंजिनचं ऑइल एक थेंबही जाऊ देऊ नका. गेलं तर मास्टर आणि स्लेव्हची सगळी रबरं फुगतात, आणि ब्रेकची टाकी तीच असेल तर ब्रेकचीही.

आता एवढी गळकी नळी असून खाली ऑइल का सांडत नव्हतं? टाकी तिच्यापेक्षा जेमतेम वीतभर उंच, म्हणून तिच्यात दाब जवळजवळ नसतो, ऑइल नुसतं पाझरतं आणि ब्रॅकेटवर वाळून जातं. पण पेडल झटकन सोडलं की मास्टरचा पिस्टन मागं येतो आणि टाकीकडून ऑइल ओढतो. त्या क्षणी नळीत ओढ तयार होते आणि सैल तोंडातून हवा आत जाते. दर वेळी जराशी. शहरात दसरा चौक ते रंकाळा एवढ्या अंतरात क्लच किती वेळा दाबतो ते मोजून बघा, मग तीन आठवड्यांत एक मिलिलिटर हवा कशी जमते याचं आश्चर्य वाटणार नाही. बाहेर गळत नाही म्हणून आत हवा येत नाही, या समजुतीनं माझे सात महिने गेले.

पिन आणि बुश

नळी बदलून, ऑइल काढून, एअर काढून पेडल कडक झालं. पण क्लच अजून थोडा खालीच उचलत होता. एप्रिलमध्ये रॉड का लांब करावा लागला, याचं उत्तर इथं सापडलं. पेडलला रॉड जोडणारी पिन झिजली होती आणि तिचं भोक लांबट झालं होतं. पिन आणि भोक मिळून दोन मिमी खेळ. पेडलची तरफ साधारण पाचास एक असेल तर रॉडजवळचे दोन मिमी म्हणजे पायाखाली एक सेंटिमीटर रिकामा. पेडल हातानं वर-खाली हलवा, दुसऱ्या हाताचं बोट पिनवर ठेवा. रॉड हलायच्या आधी पेडल किती हलतं ते बोटाला लगेच कळतं.

यासाठी पेडलची पूर्ण असेंब्ली घ्यायची गरज नव्हती. शिवाजी उद्यमनगरमध्ये एका लेथवाल्या मामांकडं पेडल आणि रॉडचा फाटा घेऊन गेलो. त्यांनी भोक गोल करून त्यात गनमेटलचा बुश (बारीक कडी) बसवला आणि आठ मिमीची नवी पिन दिली. "ह्यो आधी केला असतास तर बाकीचं कशाला उघडलं असतंस," असं म्हणाले. पण नुसत्या बुशानं हवा थांबली नसती. माझ्या गाडीत दोन दुखणी एकमेकांत मिसळली होती, म्हणूनच कुठलाही एक पार्ट बदलून ती बरी होत नव्हती. मग रॉड मूळ लांबीवर आणून मोकळीक ठेवली.

एअर काढताना

हे बहुतेक मिस्त्रींना येतं, म्हणून चुकतं तेवढंच लिहितो. निपलला पारदर्शक नळी लावा आणि तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवून ठेवा. पेडल सावकाश दाबायला सांगा, निपल उघडा, बंद करा, आणि बंद झाल्यावरच पेडल सोडू द्या. टाकी मधेच रिकामी झाली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. घाईघाईनं पेडल मारत राहिलं की हवेचे बारीक बुडबुडे होतात आणि मग ते निघता निघत नाहीत. आतल्या प्रकारच्या स्लेव्हला तर जोरात पंप मारूच नयेत.

पाइप वर चढून खाली उतरत असेल तर त्या उंचवट्यावर हवा अडून बसते. माझ्या गाडीत ती सरळ पद्धतीनं निघालीच नाही. मोठ्या सिरिंजनं खालच्या निपलमधून वर टाकीकडं ऑइल ढकललं, हवा आपल्या वाटेनं वर निघून गेली. आधी टाकीतलं ऑइल थोडं काढून घ्या, नाहीतर ओसंडतं. रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाणी ओता.

ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलंय तेच. डॉट हा ब्रेक ऑइलचा दर्जा. डॉट ३ चा उकळबिंदू नवा असताना किमान २०५ अंश, पाणी शोषल्यावर १४०. डॉट ४ चा २३० आणि १५५. हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं, आणि गगनबावड्याच्या पावसाळी हवेत पाण्याला तोटा नाही. अर्धी वापरून ठेवलेली बाटली मागच्या वर्षीची असेल तर टाकून द्या. दर दोन वर्षांनी ब्रेकबरोबर क्लचचंही ऑइल बदला. ब्रेकचं बदलताना क्लचचा निपल विसरला जातो, हे मी तीन गाड्यांवर पाहिलं. सिलिकॉनचं डॉट ५ यात मिसळू नका. नाव जवळचं असलं तरी ते वेगळं ऑइल आहे.

पुरात उभी राहिलेली गाडी

आपल्या भागात सेकंडहँड गाडी घेताना हे बघायलाच हवं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी कितीतरी पार्किंगमध्ये शिरलं. अशा गाडीत टाकीत पाणी गेलेलं असू शकतं, मास्टर-स्लेव्हच्या बोअरला आतून गंज धरतो, आणि गंजलेल्या बोअरमध्ये नवं रबर टाकलं तरी ते खरवडून दोन महिन्यांत जातं. तिथं नुसत्या रबराच्या किटवर पैसे घालू नका, पूर्ण सिलिंडर बदला. फोर्कचा पिव्हट गंजला तर पेडल जड होतं, पंप मारून सुधारत नाही.

आणि पावसाळाभर उभी असलेली गाडी काढताना पेडल अगदी छान, उंचीवर, कडक, पण एकही गिअर पडत नाही असं झालं, तर क्लच प्लेट गंजानं फ्लायव्हीलला (इंजिनच्या चाकाला) चिकटलेली असते. इथं हायड्रॉलिकचा संबंध नाही.

रस्त्यात पेडल गेलं तर

इंजिन बंद करा. बंद गाडीत पहिला गिअर टाका. रस्ता मोकळा झाल्यावर गिअरमध्येच सेल्फ मारा, गाडी गचका देत सुरू होते आणि चालायला लागते. काही गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही, तिथं पेडल दाबूनच मारा. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये जवळच्या गॅरेजपर्यंत सपाट रस्त्यानं एवढंच. घाटात हे करू नका. थांबायची वेळ आली की इंजिन बंद करूनच थांबावं लागतं. टाकी ब्रेकशी जोडलेली असेल तर निघण्याआधी पातळी बघा. ती खालच्या खुणेपेक्षाही खाली असेल तर गाडी टोचन करून न्या.

नळी आणि बुश बसवून आता अकरा महिने झाले. मधे एक ऊस हंगाम गेला, चैत्रात जोतिबाच्या डोंगरावरची गर्दी झाली, करूळ घाट सहा वेळा चढून झाला. महिन्यातून एकदा पेडलशेजारी स्टीलची पट्टी उभी धरतो आणि क्लच कुठं उचलतो ते वहीत लिहितो. पहिल्या दिवशी तळापासून ७२ मिमी होतं, काल ७१ भरलं. गेल्या रविवारी निपलमधून थोडं ऑइल काढून काकांकडं नेलं. ते पिवळंच होतं.